दहा, बारा, चौदा, सतरा

हार्डवेअरच्या दुकानात गोटी सेट, म्हणजे नट-बोल्ट फिरवायच्या सॉकेटचा डबा, मागितला की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: “किती पीसचा देऊ?” शेचाळीस, चौऱ्याण्णव, एकशे आठ, दोनशे सोळा. आकडा वाढतो तसा डबा मोठा होतो, आतली मांडणी देखणी होते आणि पहिल्यांदाच हत्यारे घ्यायला आलेला माणूस त्या आकड्याला भुलतो. त्याची अपेक्षा साधी असते. आपल्या मोटारीची बॅटरी आपण बदलावी, एअर फिल्टर काढून झटकावा, प्लग तपासावेत, वेळ पडली तर चाक उतरवता यावे. या कामांसाठी त्याला दोनशे सोळा पीस लागत नाहीत. त्याला वीस-बावीस चांगले पीस लागतात, आणि ते कोणते हे त्याच्या गाडीवर ठरते. पिसांचा आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. घेणाऱ्याने तो बाजूला ठेवावा आणि गाडीचे बॉनेट उघडावे.

सर्रास दिसणारा शेचाळीस पीसचा पाव इंची सेट घ्या (हे इंच म्हणजे गोटीच्या पाठीच्या चौकोनाचे माप). त्याच्या डब्यात गोट्या साधारण तेराच असतात: ४, ४.५, ५, ५.५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२, १३ आणि १४ मिलिमीटर. बाकी तेहतीस पिसांत एक रॅचेट, एक मूठ, दोन-तीन एक्स्टेन्शन, एक वाकणारा सांधा, सरकती टी-दांडी, काही ॲलन की आणि उरलेल्या सगळ्या स्क्रूच्या बिट. तेरा गोट्यांपैकी सहापर्यंतच्या पाच मोटारीवर क्वचितच चढतात, नऊ आणि अकराचीही तीच गत. सातची एखाद्या होज क्लिपपुरती लागते. म्हणजे मोटारीवर खऱ्या अर्थाने राबणाऱ्या आठ, दहा, बारा, तेरा आणि चौदा अशा पाचच गोट्या. चाकाच्या नटाला लागणारी सतरा, एकोणीस किंवा एकवीस त्या डब्यात नसतेच, आणि असती तरी पाव इंची रॅचेटला ते काम झेपले नसते. हा सेट वाईट नाही. सायकल, मिक्सर, डॅशबोर्डचे स्क्रू यांसाठी तो उत्तमच आहे. मात्र तो ‘कार टूल किट’ म्हणून विकला जातो, आणि हरकत आहे ती याला.

मोटारीच्या बोल्टला मायदेश असतो. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही आणि सेट निवडताना सगळ्यात जास्त उपयोगाची तीच आहे. बोल्टचा दांडा आणि त्याचे षट्कोनी डोके ही दोन वेगळी मापे आहेत. दांडा आठ मिलिमीटरचा, म्हणजे एम-८ असला, तरी त्याच्या डोक्याला कितीची गोटी बसेल हे तो कोणत्या देशाच्या रिवाजाने घडवला आहे यावर ठरते. जपानी मोटारींत एम-६ ला १०, एम-८ ला १२, एम-१० ला १४ आणि एम-१२ ला १७ अशी चाल आहे. आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकात एम-६ ला १०च, पण एम-८ ला १३, एम-१० ला १६ आणि एम-१२ ला १८. जुन्या जर्मन मानकात याच शेवटच्या दोघांना १७ आणि १९. बोल्ट तोच, आटे तेच, गोटी मात्र तीन ठिकाणी तीन मापांची.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला मारुती ८००ची किल्ली मिळाली आणि त्या गाडीबरोबर सुझुकीची ही जपानी चालही आपल्या गॅरेजांत आली. दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. आजही मारुती, टोयोटा, होंडा यांच्या मालकाला बहुतांश कामासाठी एवढीच मापे पुरतात. ह्युंदाई आणि किया या कोरियन गाड्याही बऱ्याच अंशी याच वाटेने जातात. टाटांचे तसे नाही. १९५४ मध्ये डाइमलर-बेंझबरोबर झालेल्या सहकार्यातून वाढलेल्या या कंपनीच्या गाड्यांवर तेराची गोटी नेहमी हाताशी लागते. आणि चाकणला किंवा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला तयार झालेली फोक्सवॅगन-स्कोडाची गाडी असेल, तर तेरा, सोळा, अठरा यांच्याशिवाय पान हलत नाही. शिवाय ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स आणि आतून बारा दाते असलेले बोल्टही जागोजागी भेटतात. पोलोच्या चाकाला नटही नसतात. सतराच्या डोक्याचे बोल्ट थेट हबमध्ये शिरतात.

सगळ्यात गमतीची गाडी म्हणजे स्विफ्ट डिझेल. बॉडी सुझुकीची, इंजिन फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट घराण्यातले. रस्त्यावर अजूनही भरपूर दिसणाऱ्या या गाडीच्या बॉडीवर बाराची गोटी चालते, इंजिनापाशी गेले की तेरा मागते. ‘जपानी गाडी आहे, तेराची काय गरज’ म्हणून तिचा मालक तेरा नसलेला सेट घेऊन आला, तर पहिल्याच रविवारी त्याचे काम अर्ध्यावर अडते. मग तो बारा-तेरातला फरक चिमट्याने भरून काढायला जातो आणि बोल्टचे कोपरे मारतो.

हा गोंधळ नवा नाही. देशाने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. शेर आणि वार हळूहळू व्यवहारातून गेले, गाड्यांतला इंच मात्र पुढे कित्येक वर्षे टिकला. अॅम्बॅसॅडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे तिच्या इंजिनाला इंचाचे पाने लागायचे. पुढे त्याच गाडीत इसुझूचे इंजिन आले आणि एकाच बॉनेटखाली इंच आणि मिलिमीटर शेजारी नांदू लागले. मुंबईत माझगावला जिची जुळणी सुरू झाली त्या महिंद्रा जीपचेही तसेच: मूळ विलिस अमेरिकन, म्हणून अंग इंचाचे, आणि नंतर बसवलेले पेजोचे डिझेल इंजिन मिलिमीटरचे. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी इटलीच्या फियाटची लेक, त्यामुळे ती पहिल्यापासून मेट्रिक. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ज्या मिस्त्रींनी या तिन्ही गाड्या हाताळल्या त्यांच्या पेटीत दोन्ही मापांच्या हत्यारांचा संसार असायचा आणि कोणत्या नटाला काय बसेल हे ते नजरेने सांगत. आज ज्याच्या घरी जुनी जीप किंवा अॅम्बॅसॅडर नाही त्याने इंचाच्या एकाही गोटीवर पैसे घालवू नयेत.

हे सांगायचे कारण, पिसांचा आकडा फुगवण्याची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे मेट्रिकच्या शेजारी इंचाच्या गोट्यांची एक रांग. मोठ्या डब्यांत ती हमखास सापडते. अमेरिकेहून येणारे नातेवाईकही मोठ्या प्रेमाने असा दुहेरी सेट बॅगेत घालून आणतात. तिथे त्याला अर्थ आहे, कारण तिकडच्या जुन्या गाड्या आणि घरातली कितीतरी यंत्रे अजून इंचावर चालतात. आपल्या पार्किंगमधल्या बलेनो किंवा क्रेटाला तो अर्धा डबा निरुपयोगी आहे, आणि थोडा धोक्याचाही. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे ती गोटी एकोणीसच्या नटावर बिनबोभाट बसते. नऊ षोडशांश इंच म्हणजे १४.२९. चौदाच्या नटावर ती चढते, सैल बसते आणि जोर लावला की फिरते. घाईत, अपुऱ्या उजेडात, हाताला ग्रीस लागलेले असताना ही चूक अगदी सहज होते.

नट कसा मरतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचे उदाहरण घ्या. गाडीच्या पोटाखाली, ऑइलपॅनच्या तळाला, सतराचे किंवा चौदाचे डोके. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळलेले. त्यावर बारा कोनी गोटी चढवली तर ती बोल्टच्या सपाट बाजूंना टेकत नाही, कोपऱ्यांच्या अगदी टोकाशी पकडते. दांड्यावर जोर आला की सगळा भार त्या सहा टोकांच्या बारीक कडांवर पडतो. पहिल्यांदा एक हलकासा ‘कट्’ आवाज येतो आणि नट सुटल्याचा भास होतो. गोटी काढून पाहिली तर प्रत्येक कोपऱ्यावर ताजी, चकाकणारी खरवड दिसते आणि तिच्या कडेला धातूची केसाएवढी पापडी उठलेली असते. दुसऱ्या झटक्याला गोटी घसरते, तिसऱ्याला बोल्ट गोल होतो. सहा कोनी गोटीची आतली भिंत बोल्टच्या सपाट बाजूला, कोपऱ्यापासून थोडी आत, टेकते. तीच ताकद जास्त पृष्ठभागावर वाटली जाते आणि कोपरे वाचतात. म्हणून घरी वापरायचा सेट सहा कोनीच घ्यावा. बारा कोनीचा फायदा असा सांगतात की ती दर तीस अंशांवर बसते, त्यामुळे अडचणीच्या जागी सोपी जाते. रिंग पान्याच्या बाबतीत ते खरे आहे. गोटीला रॅचेट असतो, कोन शोधायचे काम तोच करतो, तेव्हा तो फायदा इथे उरत नाही. डब्यावर याचा उल्लेख नसला तर एक गोटी उचलून तोंडात पाहावे. कोपरे मोजायला दोन सेकंद लागतात.

आता दांड्याचा चौकोन. गोट्या मिलिमीटरच्या असल्या तरी त्यांच्या पाठीचा चौकोन जगभर इंचातच बोलला जातो: पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा. आपल्याकडे गॅरेजची सवय म्हणून घरासाठीही अर्धा इंची सेट घेतला जातो. ‘मोठा आहे, मजबूत आहे, सगळ्याला चालेल’ हा त्यामागचा विचार. पण हिशेब करून पाहावा. एम-६ चा, म्हणजे दहाच्या डोक्याचा साधारण प्रतीचा बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटरला पुरेसा आवळला जातो. अर्धा इंची रॅचेटचा दांडा सुमारे २५ सेंटीमीटरचा. तेवढ्या लांबीवर १० न्यूटन-मीटर गाठायला अवघा चार किलोचा दाब लागतो. मनगट जरा जास्त वळले की बोल्ट तुटला किंवा ॲल्युमिनियममधले आटे गेले. एम-८ ला सुमारे २५, एम-१० ला ५०. घरच्या मोटारीवरची बहुतेक कामे या टप्प्यातली असतात, आणि त्यांच्यासाठी तीन अष्टमांश हाच योग्य चौकोन आहे. आपल्या बाजारात तो कमी मिळतो. दुकानदार ‘कशाला, अर्धा न्या की’ म्हणतात. आग्रह धरावा, मागवायला लावावे. अर्धा इंची सामान चाकापुरते आणि मोठ्या बोल्टांपुरते सुटे घ्यावे.

चाकाच्या नटाइतके हाल मोटारीच्या दुसऱ्या कुठल्याही भागाचे होत नाहीत. हायवेच्या कडेच्या पंक्चरच्या दुकानात हे रोज दिसते. नट चढवले, एल पाना लावला आणि माणूस त्या पान्यावर उभा राहिला. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकावर उभा राहिला म्हणजे सुमारे २७५ न्यूटन-मीटर. मारुतीच्या जुन्या छोट्या गाड्यांना या जागी ८५ च्या आसपास लागतात, होंडाच्या बहुतेक मोटारींना १०८, पोलोला १२०. म्हणजे दुपटीहून अधिक, काही वेळा तिपटीहूनही. हवेच्या गनने तर कितीने आवळले हे कुणालाच कळत नाही. त्याने स्टड ताणला जातो, आटे खराब होतात, आणि नट कमी-जास्त आवळले गेले की ब्रेकची चकती वाकडी बसून पुढे ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते. सगळ्यात मोठी शिक्षा मात्र पुढच्या पंक्चरला मिळते. रात्री, पावसात, कुटुंब गाडीत बसलेले असताना कंपनीने दिलेल्या वीतभर पान्याने तो नट हलत नाही. घाटात अडकलेल्या कितीतरी गाड्यांची अडचण पंक्चर नसते, मागच्या पंक्चरवाल्याने आवळलेले नट असतात.

यावर उपाय आहे, टॉर्क रेंच. ठरवलेल्या आकड्याला ‘टक्’ करून थांबायला सांगणारा हा पाना घरगुती पेटीत असायलाच हवा, आणि पैसे कमी असतील तर पिसांचा आकडा कमी करून तो घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे. अर्धा इंची, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पुरतो. चांगल्या पान्याबरोबर त्याच्या अचूकतेचे प्रमाणपत्र येते. आयएसओ ६७८९ या मानकानुसार अशा पान्याची चूक चार टक्क्यांच्या आत हवी, आणि दर पाच हजार वापरांनी किंवा वर्षाने तो पुन्हा तपासून घ्यावा असेही ते मानक सांगते. घरी पाच हजार वापर आयुष्यभरात होणार नाहीत. दोन नियम तेवढे पाळावेत: त्याने नट कधी सोडवू नये, आणि ठेवताना स्प्रिंग मापाच्या खालच्या टोकाला आणून ठेवावी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, स्टडला ऑइल-ग्रीस लावू नये. दिलेले आकडे कोरड्या आट्यांचे असतात. ऑइल लागले की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

आता प्रत्यक्ष यादी. जपानी किंवा कोरियन गाडी असेल तर तीन अष्टमांश इंचात ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९, सगळ्या सहा कोनी. दहाची एक जादा घ्यावी. ती सगळ्यात जास्त वापरली जाते, आकाराने छोटी असते आणि बॉनेटच्या पोकळीत पडली की सापडत नाही. त्यातल्या १०, १२ आणि १४च्या लांब गोट्याही हव्यात, कारण बॅटरी दाबून धरणाऱ्या लांब दांड्यावर आखूड गोटी नटापर्यंत पोचतच नाही. युरोपीय गाडीला यात १६, १८ आणि टॉर्क्सचा एक छोटा सेट मिळवावा. स्पार्क प्लगची गोटी वेगळी: मारुती ८००च्या काळातल्या प्लगला २०.८ मिलिमीटरची, आजच्या बहुतेक इंजिनांना १६ची, काही नव्यांना १४ची. तिच्या आत प्लग पकडणारे रबर किंवा चुंबक हवे, नाहीतर खोल विहिरीतून प्लग वर येत नाही. चाकासाठी अर्धा इंचीत एक लांब गोटी: मारुतीच्या छोट्या गाड्यांना १९ची, ह्युंदाईला २१ची. एक रॅचेट, ७५ आणि १५० मिलिमीटरची दोन एक्स्टेन्शन, आणि घट्ट नट सोडवायला अर्ध्या इंचाचा लांब, बिनरॅचेटचा दांडा. एवढेच. मोजले तर टॉर्क रेंच धरून अठरा ते वीस-बावीस पीस.

हे सगळे सुटे मिळते, आणि सुटे घेण्यात शहाणपण आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक-एक गोटी हातात घेऊन पाहता येते, जे मोबाइलच्या पडद्यावर जमत नाही. नाशिकच्या टपारियापासून जालंधर-लुधियानाच्या कारखान्यांपर्यंत देशात हातहत्यारांची मोठी परंपरा आहे, आणि घरगुती कामाला ती हत्यारे पुरून उरतात. परदेशी नावासाठी तिप्पट मोजण्याची गरज नाही. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द मात्र हल्ली कशावरही कोरलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नये. काउंटरवर सतराचा नट मागून त्यावर गोटी चढवावी आणि हलवून पाहावी. खेळ जाणवला तर ती परत द्यावी. तोंडाची भिंत सगळीकडून सारख्या जाडीची आहे का, आकडा खोल कोरलेला आहे का, तोंडाशी दिलेला उतार इतका खोल नाही ना की बारीक डोक्याच्या बोल्टवर पकडच राहणार नाही, हे पाहावे. रॅचेट अगदी हलक्या हाताने मागे फिरवावा. ७२ दात्यांचा असेल तर पाच अंशांत पुढचा दाता पकडतो, २४ दात्यांचा पंधरा अंश मागतो. बॉनेटखाली हात शिरायला जागा नसते तिथे हे दहा अंश फार मोलाचे असतात. पुण्याच्या जुन्या बाजारातही बुधवारी आणि रविवारी जुनी, घडीव हत्यारे मिळतात, पण तिथे झिजलेल्या तोंडाची गोटी ओळखायची नजर लागते. नवख्याने तिथे रॅचेट घेऊ नये. कोकणात, मुंबईत, गोव्यात खारी हवा असल्यामुळे हत्यारे पुसून, हलका तेलाचा हात फिरवून ठेवावी लागतात. तिथल्या गाड्यांच्या बोल्टांनाही आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर निम्मे भांडण मिटते.

हल्ली बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गन ऑनलाइन स्वस्तात मिळू लागल्या आहेत. त्यांच्यावर चकचकीत क्रोमची गोटी लावू नये. ती झटक्यांसाठी बनलेली नसते, फुटून तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. गनला काळी, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटीच लागते. तेव्हाही डोळ्यांवर चष्मा हवा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कोपऱ्यावर मिस्त्री आहे, त्याचे पोट त्यावर चालते, मग घरोघरी हत्यारे कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण चांगल्या मिस्त्रीला शहाण्या गिऱ्हाइकाचा त्रास होत नाही. ज्याने स्वतः एकदा ड्रेन बोल्ट हळुवार आवळला आहे त्याला कुशल हाताची किंमत कळते, आणि तो मजुरीवरून घासाघीस करत नाही. क्लच, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ही कामे मिस्त्रीचीच आहेत आणि राहतील. ब्रेक तर कुणाकडून नीट शिकल्याशिवाय घरी उघडूच नयेत. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल यांना घरच्या पेटीतले काहीही लावू नये. गाडीखाली जाताना फक्त जॅकवर कधीही भरवसा ठेवू नये, स्टँड लावावेत आणि चाकांमागे ठोकळे ठेवावेत.

उरलेल्या कामांत माणूस परावलंबी होत चालला आहे, आणि गाड्यांची रचनाही त्याला तिकडेच ढकलते आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून टायरमधला हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा दिली. जागा वाचली, वजन वाचले. पण पुढच्या पिढीतल्या कित्येकांनी स्वतः चाक कधी उतरवलेले नसेल, आणि त्या गाड्यांच्या नटांवर पान्यावर उभे राहणाऱ्यांचीच सत्ता राहील.

म्हणून गाडी बनवणाऱ्यांकडे एक मागणी करायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांनाही स्थान दिले. कंपन्या तिथे माहिती देतात ती बहुतांश सर्व्हिस सेंटर, सुटे भाग आणि वॉरंटी यांच्याबद्दल. मालकाला हवे आहे ते एक पान: चाकाचा नट कितीचा आणि किती टॉर्कचा, ड्रेन बोल्ट कितीचा, प्लगची गोटी कोणती, बॅटरीचे टर्मिनल कितीचे, एअर फिल्टरच्या पेटीला काय लागते. काही गाड्यांच्या पुस्तिकांत यातले थोडे मिळते, काहींत चाकाच्या नटापलीकडे काहीच नाही, आणि मराठीत तर शोधूनही सापडत नाही. महाराष्ट्रात चाकण, पिंपरी, रांजणगाव, नाशिक इथे गाड्या बनतात. त्यांच्या जुळणीच्या रांगेवर प्रत्येक बोल्टचा आकडा लिहिलेला असतो, आणि तिथे काम करणारी कितीतरी मुले आयटीआयमधून हेच शिकून आलेली मराठी मुले आहेत. तोच आकडा गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती मराठीत पडायला काय अडचण आहे?

सेट विकणाऱ्यांनीही डब्याच्या बाहेर पिसांच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत गोट्यांची मापे छापावीत, कोणते माप वगळले आहे तेही. ८ ते १९ लिहून मधला सोळा आणि अठरा गायब करणारे डबे बाजारात आहेत. तोवर घेणाऱ्याने बॉनेट उघडून, मिस्त्रीला विचारून आपल्या गाडीची मापे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद घेऊन दुकानात जावे. यादीतले एखादे माप नसेल, तर तो डबा कितीही पिसांचा असो, तिथेच ठेवून यावा.